कार्ड खिशातच राहिलं

सोंगं आणण्यात माझा हात धरणारं चकलांब्यात कोणी नाही. ग्रामसेवकाची चाल म्हणा, सासऱ्याचं रडणं म्हणा, सांगाल ते करून दाखवतो. त्यामुळं मेंढरांमागं फिरणारा माझा थोरला भाऊ पोट धरून बांधावर आडवा झाला, तेव्हा मला आधी काय सुचलं असेल? कपडे!

त्याला कारण होतं. दादाला बीडच्या ज्या दवाखान्यात न्यायचं होतं, तिथंच मागं वहिनीला नेलं होतं. फुकट उपचाराच्या सरकारी योजनेसाठी पिवळं रेशनकार्ड आधीच पुढं केलं, तर दिवस मावळेपर्यंत व्हरांड्यात बसवलं. या वेळी गावातल्या बागाईतदाराची पांढरी गाडी मागून आणली, त्याचेच कडक इस्त्रीचे कपडे चढवले, वर गॉगल.

मागच्या सीटवर दादा कण्हत होता, "मी मरायलोय, अन् तू कावून नवरदेव झालास बे?"

पण काय जादू! गाडी थांबायच्या आत स्ट्रेचर हजर. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "योजनेचं कार्ड आहे का?"

मी मिशीवर बोट फिरवलं. "बाई, आमी तसले दिसतो का?"

डॉक्टर धावत आले. अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं. तासाभरात ऑपरेशन झालं, दादा वाचला. त्याला एसीच्या खोलीत ठेवलं आणि मला सगळे 'पाटील' म्हणू लागले. खोटं कशाला सांगू, मजा वाटली.

चौथ्या दिवशी बिल आलं. मी खिशातून पिवळं कार्ड काढून ऐटीत काउंटरवर ठेवलं.

बाई हसल्या. "पाटील, तुम्हीसुद्धा? गाडीवाले योजनेत घुसतात, म्हणून तर गरिबांना मिळत नाही."

मी हात जोडले, मेंढरांचं सांगितलं, खरोखर रडलो. मागच्या रांगेतला एकजण म्हणाला, "नक्कल लई भारी करायलाय की!" आयुष्यात पहिल्यांदा मी सोंग केलं नव्हतं.

बिल भरल्याशिवाय दादाला सोडणार नव्हते. वॉचमन मला सलाम ठोकायचा आणि दादा दिसला की दारात आडवा यायचा. खोलीचं भाडं रोज चढत होतं. दादा घोंगडीत गुरफटून बसलेला. म्हणायचा, "हे गार वारं तरी बंद करायला सांग. त्याचंबी पैसं लावत असतील."

सहाव्या दिवशी मी गावाकडं जाऊन व्यापाऱ्याला बोलावलं. सातव्या दिवशी दादाला सुट्टी मिळाली.

गाडी कधीच परत केली होती. येताना एसटीत दादानं विचारलं, "तुटक्या कानाची?"

"गेली."

"दोन कोकरांची?"

"कोकरांसकट."

तो एकेक मेंढी विचारत गेला. मी मान हलवत गेलो.

"मग राहिलं कोण?"

"कुत्रं," मी म्हणालो.

दादानं टाक्यांवर हात दाबून धरला आणि गेवराई येईपर्यंत तो खिडकीबाहेर बघत राहिला.