साडेतीन हजार हंड्यांचा हौद

जळगावच्या माणकचंद सेठजींनी बंगल्यामागे पोहायचा तलाव बांधला, तेव्हा घरात पोहता येणारं कोणी नव्हतं. ही अडचण आहे असं कोणाला वाटलंही नाही. मुंबईला एका व्यापाऱ्याच्या बंगल्यात त्यांनी निळ्या फरशीचा तलाव पाहिला आणि परतीच्या गाडीत जळगाव यायच्या आत त्यांचा विचार पक्का झाला. तीस फूट लांब, पंधरा फूट रुंद, उतरायला पायऱ्या. सेठजी त्याला स्विमिंग पूल म्हणत. बाकीचं गाव हौद म्हणे, आणि सेठजी समोर नसले की हौदाच्या आधी आणखी एखादं विशेषण लावी.

पोहता येणारा एकच माणूस त्या आवारात होता, तो म्हणजे पितांबर बिऱ्हाडे. झाडांना पाणी घालणं, विहिरीवरची मोटर चालवणं, हौदातली पानं काढणं ही सगळी कामं त्याच्याकडे होती. तो मूळचा भडगावकडचा. लहानपणी गिरणेत मनसोक्त डुंबलेला, उन्हाळ्यात वाळूत झिरे खोदून घरासाठी पाणी भरलेला. वाळूतून झिरपलेलं पाणी काचेसारखं स्वच्छ येतं हे त्याला पुस्तकाशिवाय कळत होतं. पण गेली चार वर्षं तो हौदात उतरला होता तो फक्त हातात ब्रश घेऊन. पोहायला उतर असं त्याला कोणी म्हटलं नव्हतं आणि त्यानंही कधी विचारलं नव्हतं.

बंगल्याच्या मागच्या भिंतीपलीकडे बौद्धांची चाळीस घरांची वस्ती होती. पितांबर तिथंच राहायचा, बायको लिलाबाईसह. वस्तीची विहीर मोठ्या दुष्काळात आटली ती आटलीच, तेव्हापासून वस्ती सेठजींच्या विहिरीवर होती. सेठजी सुधारक विचारांचे. सगळी माणसं सारखी, असं त्यांनी दोन सभांमध्ये सांगितलं होतं. बायकांना आवारात येण्याची तसदी पडू नये म्हणून त्यांनी विहिरीपासून थेट भिंतीबाहेरपर्यंत लोखंडी पाइप नेऊन तिथं नळ बसवून दिला होता. इतका लांब पाइप जळगावात दुसऱ्या कोणी दिला नाही, हे ते पाहुण्यांना आवर्जून दाखवत. रोज सकाळी अर्धा तास पितांबर मोटर लावी आणि भिंतीपलीकडे हंड्यांचा आवाज सुरू होई.

हौद दर ऑक्टोबरात बंद व्हायचा आणि एप्रिलच्या शेवटाला उघडायचा. त्यासाठी मुंबईहून एक तज्ज्ञ येई. तो पहिल्या वर्गाने येई, पाहुण्यांच्या खोलीत उतरे आणि दोन दिवस खुर्चीवर बसून बोटानं दाखवी. बोट जिकडे वळेल तिकडे पितांबर जाई. ताडपत्री काढ, पाणी सोड, घास, भर, पावडर टाक, यंत्र लाव. शेवटी तज्ज्ञ पाण्यात काचेची नळी बुडवून तिच्याकडे गंभीरपणे बघत राही. चार वर्षांत तज्ज्ञानं स्वतः केलेलं काम म्हणजे तेवढंच.

चौऱ्याहत्तर साली एप्रिलात तज्ज्ञाला सवड झाली नाही आणि मे महिन्यात रेल्वेचा संप झाला. नेमक्या त्याच महिन्यात धुळ्याचे चंपालालजी बायको आणि मुलाला घेऊन मंजूला, म्हणजे सेठजींच्या मुलीला, बघायला यायचे ठरले. मुलगा मुंबईत शिकलेला, रोज सकाळी पोहणारा. ते मोटारीनं येणार, त्यामुळे संपाचा आधार नव्हता. सेठजींनी मुंबईला फोन लावला. तज्ज्ञ म्हणाला, गाड्या सुरू झाल्या की पहिल्या गाडीनं निघतो. बसनं या, असं सेठजींनी सुचवल्यावर त्यानं फोन ठेवला.

सेठजींनी पितांबरला बोलावलं. तज्ज्ञानं दिलेलं इंग्रजी पुस्तक त्यांच्या मांडीवर होतं.

“पितांबर, रविवारी पाहुणे येणार. त्याआधी पूल उघडायचा. जमेल?”

“जमेल, सेठजी.”

“पुस्तक मंजू वाचून दाखवेल.”

“वाचू द्या,” पितांबर म्हणाला. त्याला आतून उकळ्या फुटत होत्या. चार वर्षं ज्या बोटाकडे बघत काम केलं ते बोट या वर्षी नव्हतं.

त्यानं ताडपत्री ओढली आणि सगळ्यांनी नाकाला पदर-रुमाल लावले. हिवाळ्यात माकडांनी ताडपत्री फाडली होती. आत सात महिन्यांची लिंबाची पानं कुजून पाणी हिरवं दाट झालं होतं आणि त्यात हजारो बेडकांची पिल्लं वळवळत होती. पितांबरनं बागेकडचा चर मोकळा केला आणि निचऱ्याच्या तोटीला हात घातला, तेवढ्यात माँजी आल्या.

माँजी म्हणजे सेठजींच्या आई, धनकुंवरबाई. वय पंच्याहत्तर, सूर्य मावळल्यावर पाण्याचा थेंब नाही, आणि घरात गाळल्याशिवाय पाणी वापरायचं नाही हा त्यांचा दंडक. गाळून झालं की गाळण्यात राहिलेले जीव, म्हणजे जिवाणी, ज्या पाण्यातून आले त्याच पाण्यात हलकेच परत सोडायचे. त्यात तडजोड नाही.

“हे पाणी बागेत सोडशील तर एवढे जीव उन्हात तडफडून मरतील,” माँजी म्हणाल्या. “पाप कोणाच्या माथी?”

पितांबर म्हणाला, “मग काय करू?”

“हौद कुठल्या पाण्यानं भरला होता?”

“आपल्या विहिरीच्या.”

“मग त्यांचं पाणी ते.”

झालं. माँजींच्या जुन्या लुगड्यांचं दुहेरी गाळणं तोटीला बांधलं गेलं. हिरवं पाणी गाळण्यातून बागेत, आणि पिल्लं बादलीतून विहिरीत. दोन दिवस पितांबर बादल्या वाहत होता. माँजी विहिरीच्या कठड्यापाशी खुर्ची टाकून बसल्या होत्या, बादली उंचावरून ओतली की ओरडायला. सेठजींनी पुस्तकात शोधलं, पण बेडकांना सन्मानानं घरी पोचवण्याबद्दल त्यात काही दिलेलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी लिलाबाईनं नवऱ्यापुढे हंडा ठेवला. “आज हंडामा चार बेडूक उनात. मी काय आते त्यासनी भाजी करू?”

“त्या माँजीना जीव शेतस,” पितांबर म्हणाला. “गाळी ले.”

“आनि हौद भराले पानी कठलं?”

हा हिशेब पितांबरनं ताडपत्री काढली त्याच दिवशी मनात करून ठेवला होता. हौदात साडेतीन हजार हंडे पाणी मावतं. वस्तीची चाळीस घरं, घरटी दोन हंडे, म्हणजे दिवसाला ऐंशी. साडेतीन हजार हंडे म्हणजे पाऊस लागेपर्यंतचं वस्तीचं पाणी. मे महिन्यात विहिरीचा झरा किती बारीक होतो हे त्याच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं. पण हौद घासताना निळी फरशी पुन्हा दिसायला लागली तसा तो हिशेब बाजूला सारत गेला. आपल्या हातानं एवढं मोठं काम उभं राहतंय याचा त्याला आनंद होत होता, आणि त्या आनंदाची त्याला लाजही वाटत होती.

पाणी गाळायच्या यंत्रातली वाळू धुऊन त्यानं परत भरली. ही खास वाळू तज्ज्ञ मागवतो असं सेठजी सांगत. ती गिरणेची होती, पितांबरनंच बैलगाडीतून आणलेली.

मग भरणं सुरू झालं. हौदात पांढरी पावडर पडणार, तिनं जीव मरणार, तेव्हा विहिरीचं पाणीही गाळूनच आलं पाहिजे, असा माँजींचा दुसरा हुकूम निघाला. पाइपच्या तोंडाला गाळणं लागलं. तासाभरात ते पिल्लांनी गच्च भरलं. हीच ती पिल्लं, दोन दिवसांपूर्वी विहिरीत पोचवलेली. पितांबरनं त्यांना पुन्हा विहिरीत सोडलं. मोटरनं त्यांना पुन्हा वर ओढलं. एका पिल्लाची शेपटी अर्धी तुटलेली होती, त्यामुळे ते ओळखू येई. शुक्रवारी त्यानं सात खेपा केल्या. पितांबर त्याला सातव्यांदा बादलीत घेताना म्हणाला, “तू तरी कंटाळ बाप्पा.” मुंबईहून येणाऱ्या गाड्या बंद होत्या, पण विहीर ते हौद वाहतूक सुरळीत चालली होती.

शुक्रवारी दुपारी मोटर हवा ओढू लागली. हौद कमरेएवढा भरला होता. पितांबर सेठजींकडे गेला.

“विहीर तळाला आली, सेठजी. आता रात्रभरात झिरपेल तेवढंच. ते हौदात घेतलं तर वस्तीला राहत नाही.”

सेठजी पाहुण्यांसाठी आणलेले टॉवेल मोजत होते. “तीन दिवसांचा तर प्रश्न आहे. पाहुणे गेले की बघू. तोवर बाहेरचा नळ बंद ठेव.”

पितांबर भिंतीपाशी गेला आणि त्यानं नळाचा व्हॉल्व्ह स्वतःच्या हातानं बंद केला. सहा वेढे बसले. दुसऱ्या कोणाला सांगितलं असतं तर निदान त्याच्या नावानं बोटं मोडता आली असती.

शनिवारी लिलाबाई रिकामा हंडा घेऊन परत आली. “नळ कोनी बंद कया?”

“मी.”

“कसाले?”

“तीन दिनना सवाल शे,” पितांबर म्हणाला. सेठजींचं वाक्य आपल्या तोंडून बाहेर पडताना त्याला स्वतःचाच राग आला.

“तीन दिन काय पिवानं? तुना सेठनं पुस्तक?”

त्या दिवशी वस्तीच्या बायका दीड कोस चालून पाणी आणत होत्या. पितांबरनं त्या पाण्याला हात लावला नाही आणि लिलाबाईनं त्याला प्यायचा आग्रहही केला नाही.

रविवारी सकाळी हौद भरला होता. असा निवळ की तळाच्या फरशीच्या रेघा मोजून घ्याव्यात. काचेची नळी न बुडवताही पाणी निवळ राहतं हे सिद्ध झालं होतं. सेठजींनी पितांबरच्या पाठीवर थाप मारण्यासाठी हात उचलला आणि ऐनवेळी तो हवेतच फिरवून वाः म्हटलं.

नऊच्या सुमारास मागच्या फाटकाशी भांडी वाजली. लिलाबाई पुढे, तिच्यामागे द्रौपदाबाई, भागाबाई आणि वस्तीतल्या वीस-पंचवीस बायका, प्रत्येकीच्या कमरेवर हंडा. फाटक लावायचं आदल्या दिवशी आपण विसरलो होतो, असं पितांबरनं नंतर सांगितलं. बायका सरळ माँजींच्या खुर्चीपुढे येऊन थांबल्या.

“माँजी,” लिलाबाई म्हणाली, “तुमी हौदमाधला बेडूक, किडा बठ्ठा येचीसन विहीरमा सोडात. ज्या पानीना जीव त्याच पानीमा जावाले पाहिजे, आसं तुमीच सांगं ना?”

“सांगितलं,” माँजी म्हणाल्या.

“मंग आमी बी याच विहीरना पानीवर जगतस. ते पानी आते बठ्ठं हौदमा शे. आमले कठे सोडतस?”

माँजींची जपमाळ थांबली. सेठजी पुढे होऊन म्हणाले, “बाई, संध्याकाळी या, पाहुणे गेल्यावर…”

“माणक, तू गप्प बस,” माँजी म्हणाल्या. “उतरा ग बायांनो. पायऱ्या ओल्या आहेत, सांभाळून.”

पोहण्यासाठी बांधलेल्या पायऱ्यांवरून भरल्या हौदात पहिल्यांदा माणसं उतरली ती अशी. बायकांनी लुगडी आवरून घेतली आणि तिसऱ्या पायरीवर उभं राहून हंडे बुडवले.

ह्याच वेळी चंपालालजींची मोटार दारात लागली. सेठजींच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला, पण व्यापारात मुरलेला माणूस तो, दारापासून हौदापर्यंतच्या पन्नास पावलांत सावरला. “जलदान,” त्यांनी हात पसरून सांगितलं. “लोकांची तहान बघवत नाही. म्हटलं, आपलं पोहणं काय, पुढच्या वर्षी होईल.” चंपालालजींनी हात जोडले. असं धर्मशील घर आजकाल कुठं मिळतं, असं ते बायकोला म्हणाले. मुलगा मात्र टॉवेल काखेत घेऊन उभा होता. पोहणार का, असं विचारल्यावर त्यानं पायऱ्यांकडे, बायकांच्या पायांकडे पाहिलं आणि सर्दी झाल्याचं सांगितलं. सावलीत पारा त्रेचाळीसला होता.

जेवणं झाली, मंजूचं ठरलं, साखर वाटली गेली. मोटार धुळ्याच्या रस्त्याला लागल्यावर सेठजी हौदापाशी आले.

“पितांबर, हे पाणी सोडून दे. बागेत. विहिरीत साचेल तसं ताजं भर.”

“का, सेठजी? पाणी स्वच्छ आहे.”

“स्वच्छ आहे रे. पण… आता खराब झालंय. घरातलं कोणी उतरणार नाही त्यात.”

ते काय म्हणाले नाहीत हे पितांबरला नीट ऐकू आलं. भिंतीबाहेर काढलेला तो लांब पाइप कशासाठी होता हे त्याला पहिल्यापासून माहीत होतं, फक्त इतके दिवस त्याकडे बघायचं त्यानं टाळलं होतं. सेठजींनी तोटीकडे बोट दाखवलं. पितांबर त्या बोटाच्या दिशेनं गेला नाही.

“माझ्या हातानं होणार नाही, सेठजी,” तो म्हणाला. “मुंबईच्या माणसाला बोलवा.”

सेठजींना इतकं आश्चर्य वाटलं की रागवायलाही सुचेना. मागून काठीचा आवाज आला. माँजी एका हातात पितळेचा लोटा न् भांडं आणि खांद्यावर गाळणं घेऊन येत होत्या. त्या पायऱ्या उतरल्या, एक, दोन, तीन, जिथं सकाळी बायकांचे पाय होते तिथं. लोटा बुडवला. बाहेर येऊन गाळण्यातून पाणी दुसऱ्या भांड्यात धरलं, नेहमी धरायच्या तसंच, त्याहून जास्त नाही आणि कमीही नाही. मग मुलाकडे बघत त्या पूर्ण भांडं पाणी प्यायल्या.

गाळण्यात काही राहिलं नव्हतं. तरीही त्यांनी ते हौदाच्या पाण्यात झटकलं.

“पाणी चांगलं आहे,” त्या म्हणाल्या. “पितांबर, बाहेरचा नळ हौदाला जोडून दे. आणि फाटकाला कुलूप नको.”

थोड्या वेळानं सेठजी आत गेले आणि त्यांनी मोजून ठेवलेले टॉवेल कपाटात ठेवायला सांगितले.