आमराईतले अकरा ठिपके

मी आकड्यांची बाई. भूत, शकुन, दृष्ट... यातलं काही मी कधी मानलं नाही, आणि हे लिहून झाल्यावरही मानेन असं नाही. पण एका नकाशाने मला जे दाखवलं ते कुठे बसवायचं, ते अजून कळलेलं नाही.

मूळची मी सांगलीची. २०१२ साली लखनौच्या एका संशोधन संस्थेत होते, राहायला अलीगंजात. काम लोकसंख्येचे नकाशे करण्याचं. एक ठिपका म्हणजे दहा माणसं. गावाची हद्द आणि जनगणनेचा आकडा दिला की कॉम्प्युटर तेवढे ठिपके हद्दीच्या आत कुठेही टाकतो. पुन्हा नकाशा काढला की ते नव्या जागी पडतात. ठिपक्याच्या जागेला काही अर्थ नसतो, हे मी विद्यार्थ्यांना घसा कोरडा होईपर्यंत सांगायचे.

मे महिन्यात मलिहाबादकडच्या एका गावाचा नकाशा काढला. एका कोपऱ्यात नुसती दशहरी आंब्यांची बाग होती, आणि तिथे अकरा ठिपके एकमेकांना चिकटून बसलेले. पुन्हा काढला. बाकीचे सगळे हलले, हे अकरा तिथेच. मग माझे सहकारी मिश्राजी यांच्या कॉम्प्युटरवर काढला — तेच.

“सॉफ्टवेयर नाराज़ है, मैडम,” मिश्राजी म्हणाले. “उसको भी चाय पिलाइए.”

घरी नवरा म्हणाला, “तुझ्या नकाशाला बाधा झालीय. मीठ-मोहऱ्या ओवाळून टाक.”

मीही हसले. पण शुक्रवारी आरोग्य खात्याकडे वस्त्यांची यादी जायची होती. लस देणारी, बाळंतपणं बघणारी नर्स कुठल्या वस्त्यांवर जाणार हे त्या यादीवरून ठरणार होतं. त्या कोपऱ्यापुढे मीच ‘वस्ती नाही’ असं लिहिलं होतं, आणि ते मला टोचायला लागलं. गुरुवारी सकाळी नकाशाचा प्रिंट घेतला, कुरकुरणाऱ्या मिश्राजींना जीपमध्ये बसवलं आणि निघाले.

बागेत चांगलं आत गेल्यावर झोपड्या दिसल्या. वरून, उपग्रहाच्या चित्रात, पानांखाली पार झाकलेल्या. बाग राखणारी कुटुंबं, कित्येक वर्षं तिथेच राहणारी. फूलमती नावाची एक म्हातारी पुढे आली.

“गिनती वाले आए थे, बिटिया. बाहर से ही लौट गए. बोले, अंदर तो पेड़ हैं.” मग जरा थांबून म्हणाली, “सुई वाली दीदी भी नहीं आती. हमारी बहू के दो बच्चे नहीं बचे.”

मला तिच्याकडे बघवेना. मी तर पंख्याखाली बसून ‘वस्ती नाही’ असंच लिहिलं होतं.

दुपारपर्यंत आम्ही झोपडीन् झोपडी फिरून माणसं मोजली. एकशे नऊ. मिश्राजींनी प्रिंटवरचे अकरा ठिपके बोटाने मोजले.

“एक सौ दस होने चाहिए थे, मैडम. एक कम है.”

तेवढ्यात फूलमतीची सून पाणी घेऊन आली. दिवस भरत आलेले. मिश्राजींनी माझ्याकडे बघितलं आणि प्रिंटची घडी घातली. मी वहीत एकशे नऊच्या पुढे ‘अधिक एक’ लिहिलं.

शुक्रवारी यादी गेली, त्या वस्तीसकट. मी दोन दिवस फोन करून करून कुणाकुणाचं डोकं खाल्लं, आणि पुढच्याच आठवड्यात नर्स बागेत पोचली. मुलगी झाली. जगली. ती बातमी ऐकून मी ऑफिसात सगळ्यांसमोर रडले.

त्या गुरुवारी बागेतून परतल्यावर तोच नकाशा मी पुन्हा काढला होता. त्या कोपऱ्यात एकही ठिपका नाही. नंतर किती वेळा काढला, पण अकरा कधी एकत्र आले नाहीत. हद्द तपासली, फाइल तपासली, जाणकारांना विचारलं. कारण मला आजही ठाऊक नाही.

सहा वर्षांनी पुन्हा तिकडे जाणं झालं. ती पोर शाळेच्या गणवेशात होती. मी जुना प्रिंट तिला दाखवला.

“इसमें हम कहाँ हैं?” तिने विचारलं.

ठिपक्याच्या जागेला काही अर्थ नसतो. मी बिनदिक्कत अकराव्या ठिपक्यावर बोट ठेवलं.