छ्याबुवाने आवळलेले पंखे

जगात किळस यावी अशा गोष्टी काही कमी नाहीत, पण छ्याबुवाला जितक्या गोष्टींची किळस यायची तितक्यांची दुसऱ्या कुणाला येत असेल असं वाटत नाही. दुसऱ्या वायरमनने गुंडाळलेली टेप दिसली की छ्या. स्विचबोर्डावर तेलकट बोटांचे डाग दिसले की छ्या. गिऱ्हाइकाने चहा पुढे केला आणि कपाच्या कडेवरून ओघळ आलेला असला, तर त्या चहालाही छ्या. तोंड असं वाकडं करायचा की बघणाऱ्याच्या तोंडची चव जावी. त्याचं खरं नाव बाजारपेठेत कुणाला आठवत नव्हतं. सगळे छ्याबुवाच म्हणत आणि तोंडावर म्हणत. त्याला त्याचं काही वाटत नसे. घाणीला घाण म्हणणारा एक तरी माणूस गावात हवा, असं तो बायकोला ऐकवायचा, आणि ती बिचारी हो म्हणून मोकळी व्हायची.

काम मात्र त्याचं पक्कं, त्यात वाद नाही. पंखा टांगायच्या आधी छतातल्या हुकाला दोन्ही हातांनी धरून तो स्वतः लोंबकळायचा. घरातली माणसं जीव मुठीत धरून बघत राहायची. "मला पेललं तर पंख्याला पेलेल," तो वरूनच ओरडायचा. आणि स्क्रू आवळावा तर त्यानेच. दात-ओठ खाऊन, कोपर बरगडीला टेकवून तो शेवटचा अर्धा वळसा द्यायचा, आणि त्याने आवळलेला स्क्रू पुन्हा सोडवायची दुसऱ्या कुणाची टाप नव्हती. सैल काम म्हणजे रस्त्यावर थुंकून पुढे जाणं, असं त्याचं मत होतं.

हे त्याला शिकवलं होतं दादाने, म्हणजे थोरल्या भावाने. विजेच्या सामानाचं दुकान दादाचं. आईबाप लवकर गेले, तेव्हा दादानेच याला हाताशी धरलं, हातात स्क्रूड्रायव्हर दिला आणि माणसात आणलं. दादा गल्ल्यावर बसून माल विकायचा, छ्याबुवा घरोघर जाऊन बसवायचा. दादाचा स्वभाव धाकट्याच्या अगदी उलटा. समोरचा कितीही चिडला तरी हा हसून पाणी पुढे करणार. धाकट्याला त्या हसण्याचीही किळस यायची.

गेल्या काही वर्षांत लोक साधे पंखे घरबसल्या मोबाइलवरून मागवायला लागले, आणि दादाच्या दुकानात माशा मारायची पाळी आली. दादाने डोकं चालवलं. असा माल आणावा की जो बसवायला जाणता माणूस लागेल. आणि जाणता माणूस तर घरचाच! म्हणून त्याने होती नव्हती पुंजी घालून मिटणारे पंखे आणले. बंद असताना छताला नुसता गोल दिवा दिसतो. रिमोट दाबला की दिव्यावर दडलेली पारदर्शक पाती फिरता फिरता बाहेर येतात, बंद केलं की स्प्रिंग त्यांना परत आत ओढते. मागची खोली खोक्यांनी छतापर्यंत भरली. हा माल खपला तर दुकान राहणार होतं, नाहीतर शटर खाली.

पहिलं खोकं उघडल्याबरोबर छ्याबुवाने नाक मुरडलं. "हा पंखा आहे का लाजाळूचं झाड? पंख्याने पंख्यासारखं राहावं, दिव्याने दिव्यासारखं. ही कसली भेसळ!"

"लोकांना आवडतंय रे," दादा म्हणाला.

"लोकांना काय, चिखलही आवडतो."

तरी त्याने पंखे बसवले. हुकाला लोंबकळून, वायरी नीट जोडून, भिंतीवरचा जुना रेग्युलेटर काढून टाकून, कारण रिमोटच्या पंख्याला तो असला की पंखा गुरगुरत बसतो. आणि शेवटी पात्यांचे स्क्रू, कोपर बरगडीला टेकवून, गच्च.

तक्रारी पहिल्याच महिन्यात सुरू झाल्या. पंखा बंद केला की दोन पाती आत जायची आणि एक तसंच बाहेर, जीभ काढून दाखवल्यासारखं. चालू केला की पाती मागेपुढे उघडायची आणि सगळा पंखा डगमगायचा. छ्याबुवा पुन्हा जायचा. वाहतुकीत पाती हलू नयेत म्हणून लावलेल्या पट्ट्या काढल्या आहेत का, बघायचा, काढलेल्या असायच्या. स्प्रिंगा जागेवर असायच्या. दिव्याची जोडणी ठीक, रिमोट ठीक. मग डगमगतोय म्हणजे कुठेतरी सैल आहे, असं म्हणून तो प्रत्येक स्क्रू आणखी एकदा, जीव खाऊन आवळायचा. खाली उतरून हात झटकायचा आणि गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचा, "कचरा आहे हा. परत करा."

लोक परत करायला लागले. वायरमनच कचरा म्हणतोय म्हटल्यावर कोण ठेवणार? खोकी जशी गेली तशी उलटी फिरली. एकदा दादाने चाचरत विषय काढला, "अरे, कंपनीचा माणूस आला होता. म्हणत होता, ते पात्यांचे स्क्रू जरा…"

"कंपनीचा माणूस मला स्क्रू शिकवणार?" छ्याबुवाच्या अंगाचा तिळपापड झाला. "टाय लावून हिंडणारं ते माकड कधी स्टुलावर चढलंय का विचार त्याला! आणि तुला त्याचं खरं वाटत असेल तर त्यालाच बोलव. मी चाललो." आठवडाभर तो दुकानाकडे फिरकला नाही. वहिनी समजूत काढायला आली तेव्हा कुठे परतला. त्यानंतर दादाने पुन्हा एकदा तोंड उघडून पाहिलं, पण यावेळी पहिल्या शब्दालाच छ्याबुवाने पिशवी उचलली. दादाने तो विषय तिथेच सोडला.

गिऱ्हाईक तुटत गेलं. शेवटी दादाने जागा शेजारच्या चपलांच्या दुकानदाराला द्यायचं ठरवलं. त्याच सुमारास तो लंगडायला लागला होता. दुकानाच्या पायरीवरून घसरलो म्हणाला. "छ्या," धाकटा म्हणाला, "एवढी पायरी दिसत नाही तुला?" या सगळ्याचा राग त्याने मनातल्या मनात पंख्यांवर, कंपनीवर आणि असला माल भरणाऱ्या दादाच्या अकलेवर काढला. आपला हात तेवढा त्याने हिशेबात धरला नव्हता.

अशात एका शिंपीणबाईंचा निरोप आला. त्यांच्या कापड बेतायच्या टेबलावर त्याने असाच एक पंखा लावला होता. आता परत काढायला बोलावलं असणार, असं धरूनच तो तोंड कडू करून गेला. खोलीत चिंध्या, दोऱ्यांचे तुकडे, खडूची भुकटी. त्याने पाय उचलून उचलून टाकले.

"या भाऊ," बाई म्हणाल्या. "आतल्या खोलीत अगदी असाच पंखा बसवून द्या मला."

"असाच? हाच?"

"मग! पूर्वीच्या पंख्याची सावली दिवसभर कापडावर थरथरायची, कात्री कुठे चालतेय ते कळायचं नाही. आता दिवाच खाली आहे. बघा तरी." त्यांनी रिमोट दाबला. पाती एका दमात बाहेर आली, पंखा जराही हलला नाही. बंद केला तशी सगळी पाती अलगद आत गेली आणि वर नुसता दिवा राहिला.

छ्याबुवा आ वासून बघत राहिला. मग त्याला संशय आला. टेबलावरचं कापड बाजूला करायला लावून तो वर चढला आणि पात्याच्या स्क्रूला बोट लावलं. सैल! दुसरा, तोही सैल.

"कुणी हात लावला याला?" तो वरून गरजला. "माझ्या कामावर कुठल्या भुरट्या वायरमनला चढवलंत? सगळे स्क्रू ढिले करून ठेवलेत मेल्याने! हे काम आहे का? शी!"

बाईंनी आधी इकडेतिकडे पाहिलं. मग त्यांचाही पारा चढला. "भुरटा कशाला असेल? तुमचे दादा आले होते. तुम्ही बसवून गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी. सांगू नका म्हणाले होते, पण तुम्ही असं बोलायला लागलात म्हणून सांगते. गुडघे धरून धरून चढले बिचारे. घामाघूम झाले ते स्क्रू सोडवता सोडवता. आणि उतरताना स्टूल कललं, धाडकन पडले इथे, या मशीनवर. मी रिक्षा बोलावली तर नको म्हणाले. अजून दोन घरी जायचंय म्हणाले."

छ्याबुवाला खरं वाटेना. त्याने हट्टाने एका पात्याचा स्क्रू आपल्या पद्धतीने आवळला, कोपर बरगडीला टेकवून. "लावा," म्हणाला. पंखा डगमगत फिरला. "बंद करा." बाकीची पाती आत गेली. ते एक पातं बाहेर राहिलं, त्याच्या नाकासमोर.

त्याने स्क्रू सैल केला. पातं आपलं आपण आत सरकलं.

एवढंच होतं ते. पातं फिरायला जागा हवी होती, आणि ती त्याने प्रत्येक घरी, प्रत्येक पंख्याची, स्वतःच्या हाताने बंद केली होती. तक्रार आल्यावर पुन्हा जाऊन आणखी बंद केली होती. टेबलावर उभ्या उभ्या त्याला एकेक घर आठवायला लागलं. त्या घरात आपण काय बोललो तेही आठवायला लागलं. तो खाली उतरला. बाईंनी पाणी दिलं. भांड्यावर खडूचं बोट उमटलेलं होतं. तो निमूटपणे सगळं पाणी प्यायला.

दादा मागच्या खोलीत खोक्यांना सुतळी बांधत बसला होता. एक पाय पुढे लांब सोडलेला, गुडघ्यावर पट्टी. चपलांच्या दुकानदाराला जागा रिकामी करून हवी होती आणि परत आलेले पंखे भंगारवाला नेणार होता.

"पायरीवरून पडलास ना तू?" छ्याबुवा दारातूनच म्हणाला.

दादाने वर बघितलं आणि त्याला कळायचं ते कळलं. "शिंपीणबाईंच्या पोटात काही राहत नाही," तो म्हणाला.

"किती घरी गेलास असा?"

"जमलं तितक्या. सगळीकडे नाही जमलं रे. तू आवळतोस म्हणजे काय थोडकं आवळतोस? माझ्या मनगटात आता तेवढा जोर नाही."

"दुसरा वायरमन पाठवायचास की!"

"आणि तुला काय सांगणार होतो?"

"हेच! की तुझ्या हाताने दुकान बुडतंय म्हणून!" छ्याबुवाचा आवाज चिरकला.

"दोनदा सांगायला आलो," दादा म्हणाला. तो नेहमीचं हसला नाही. "पहिल्यांदा तू आठवडाभर दुकानाकडे फिरकला नाहीस. दुसऱ्यांदा पिशवी उचललीस. तिसऱ्यांदा गेला असतास तर परत आलाच नसतास, मी ओळखतो तुला. म्हटलं, दुकान गेलं तर गेलं."

छ्याबुवा खोक्यावर बसला. आयुष्यभर त्याने दुसऱ्यांच्या कामावर नाक मुरडलं होतं, पण आज स्वतःची आली तशी किळस त्याला कशाचीच आली नव्हती. हे हात, ही जीभ दुसऱ्या कुणाची असती तर त्याने भर बाजारात त्याची चामडी लोळवली असती. "चपलांवाल्याला नाही म्हणून सांग," तो म्हणाला. "मी घरोघर जातो. हात जोडतो सगळ्यांना. शिंपीणबाईंना तर आणखी एक हवाय."

"शब्द देऊन झालाय. त्याने पाटीसुद्धा रंगवायला टाकली. पहिल्या तारखेला तो येतोय." दादाने सुतळीची गाठ मारली. "शिंपीणबाईंना एक हवाय म्हणालास ना? एवढा एक तरी नीट जाऊ दे."

छ्याबुवाने बांधलेलं खोकं सोडलं. आतला पंखा काढून मांडीवर घेतला. पात्याच्या स्क्रूवर त्याचेच आवळल्याचे चरे होते. त्याने स्क्रूड्रायव्हर लावला आणि जोर करून स्क्रू उलटा फिरवला. मग थांबला. कुठवर सैल करायचं ते त्याला माहीत नव्हतं. शिंपीणबाईंकडचा तो एक सोडला तर सैल करायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती.

"एवढा?" त्याने विचारलं.

दादा पाय ओढत जवळ सरकला. त्याने बोटाने पातं बाहेर ओढून सोडून पाहिलं.

"अजून थोडा," तो म्हणाला.