शेवटचं शतक

माझा साडू कारखान्यात बॉयलर सांभाळायचा. मी तिथेच फिटर होतो. त्याला सगळे प्रेशर म्हणायचे, कारण चहा पितानाही त्याची मान बॉयलरच्या काट्याकडे वळलेली असायची. कारखाना बंद पडला तरी नाव टिकलं. आता त्याची सूनही ते घेते, तो समोर नसताना.

ही सून शाळेची बस चालवते. घरात राज्यांचा खेळ तिनेच आणला. कॉम्प्युटरवर मध्ययुगाचा नकाशा, त्यात शेकडो लहानमोठी राज्यं. आपण एक लहानशी जहागीर घ्यायची, लढाया करायच्या, सोयरिकी जुळवायच्या आणि राज्य वाढवायचं. राजा मेला की वारस गादीवर येतो. काही शतकांनी, ठरलेल्या साली, खेळ आपोआप संपतो. म्हणजे संपायला हवा. आमचा एकही डाव तिथवर गेला नव्हता.

रविवारी दुपारी आम्ही चौघं जमायचो. साडू, सून, खालच्या मजल्यावरची शिलाईवाली ताई आणि मी. कॉम्प्युटर एक, खुर्ची एक. नियमही एकच. आपला राजा मेला की खुर्ची सोडायची. लढाई ऐन रंगात असली तरी उठायचं आणि पुढच्याने बसायचं. माझा पहिला राजा शिकारीत घोड्यावरून पडला तेव्हा माझा चहासुद्धा निवला नव्हता.

"काका, तुम्ही बसलात की आधी वैद्य बोलवायला हवा," सून म्हणाली.

सुरुवातीच्या पाळ्यांसाठी आमची भांडणं व्हायची. राज्य चिमूटभर, शत्रू चहूकडे, खजिन्यात खडखडाट. ताईने एकदा दिराला विष घातलं. खेळातल्या. खऱ्या दिराला ती नुसते टोमणे मारते.

पुढे राज्य फुगतं आणि शत्रू उरत नाही. उरतात मांडलिक, त्यांची पोरं, पोरांच्या तक्रारी. एकाला जमीन हवी, दुसऱ्याला दरबारात मान हवा, तिसऱ्याला दुसऱ्याचा मान काढून हवा. कॉम्प्युटरला धाप लागते. पडद्यावर एक महिना सरेपर्यंत ताईचे ब्लाउजला हुक लावून होतात. मग कोणीतरी म्हणतं, नवा डाव मांडू. आणि आम्ही मांडतो.

या वेळी साडू आडवा आला.

"बाबा, जिंकलोय आपण," सून म्हणाली. "अर्धा नकाशा आपल्या रंगाचा झालाय. आता काय राहिलंय?"

"शंभर वर्षं राहिलीत."

"त्यात नुसती कटकट आहे."

"तेच काम आहे."

"मग पगार कोण देणार?" ताईने विचारलं.

साडू हसला नाही. का, ते मला माहीत होतं. कारखाना बंद झाला त्या सकाळी फाटकाला कुलूप होतं आणि आत बॉयलर तापलेला होता. तो दाब उतरवत, बेताबेताने थंड करावा लागतो. घाई केली तर लोखंड तडकतं. साडू फाटकाशी उभा राहून मालकाच्या माणसाला सांगत होता, पगार नको, मला फक्त आत सोड, नीट थंड करून देतो. त्याला आत सोडलं नाही. त्यानंतर अर्धवट टाकलेलं काम त्याच्या डोळ्यांत सलतं. माझं मत विचाराल तर त्याचंच बरोबर आहे. सुरू करायला हौस पुरते. संपवायला अंग मोडावं लागतं.

शेवटी सुनेने अट घातली. हाच डाव पुढे चालवू. पण गादी आपल्या घराण्याच्या हातून गेली तर त्याच क्षणी नवा डाव, आणि बाबांनी पुन्हा कधी हा हट्ट धरायचा नाही. साडू म्हणाला, "कबूल."

पाळी त्याचीच होती. इतके मांडलिक एका राजाला झेपत नाहीत, हे त्याने पहिल्याच दिवशी ओळखलं. राज्य लहान केलं तरच शेवट गाठता येईल. तो एकेका मांडलिकाला मोकळं करू लागला. त्याला मानाने, भेट देऊन निरोप द्यायचा, मग काही महिने थांबायचं, मग पुढचा. कित्येक रविवार तो हेच करत होता. ताई कंटाळून घरी जायची. मी बसून राहिलो. बघण्यातही मेहनत असते.

त्याचा राजा म्हातारा झाला आणि बंड उठलं. उरलेले मांडलिक एक झाले. त्यांना गादीवर दुसऱ्याच घराण्याचा माणूस हवा होता.

सून पडद्याजवळ वाकली. "बाबा, तुम्ही सोडलंत कोणाला?"

"जे शांतपणे जातील त्यांना."

"म्हणजे गप्प होते त्यांना घालवलंत. आता घरात फक्त कुरकुर करणारे उरलेत!"

साडूने कपाळ चोळलं. ही चूक त्याचीच होती आणि त्याने ती कोणावर ढकलली नाही. खजिना रिकामा करून भाडोत्री फौज आणली. एक लढाई जिंकला, दोन हरला. राजधानीला वेढा पडला. आणि वेढ्यातच राजा मेला.

वारस होती राजाची नात, चौदा वर्षांची. आणि पुढची पाळी सुनेची होती.

साडू खुर्चीवरून उठला. सून बसली. पडद्यावर शरण जायचं बटण समोरच होतं.

"दाब की," ताई म्हणाली. "एका बोटाचं काम. लगेच नवा डाव."

साडू हात पाठीमागे बांधून उभा. स्वयंपाकघरातून माझी मेहुणी ओरडली, "अहो, बसा खाली, गुडघे दुखतील!"

"दुखू देत."

सुनेने वळून विचारलं, "काय करू?"

"खुर्ची तुझी आहे."

तिने नकाशावर मोकळी झालेली राज्यं शोधली. मग खुर्ची पुढे ओढली. "ज्यांना सोडलंत, त्यांच्यापैकी कोणाशी वाकडं आलं होतं?"

"नाही."

"मग त्यांनाच हाक मारते."

"सोडलेल्या माणसाला परत राबायला बोलवायचं?"

"खुर्ची माझी आहे ना?"

तिने गादीवर आलेल्या त्या नातीची, नव्या राणीची सोयरीक एका जुन्या मांडलिकाच्या घरी जुळवली, राणीच्या चुलत भावाची दुसऱ्याच्या. तिसऱ्याने सरळ नकार दिला. पहिला फौज घेऊन आला. दुसरा आला तोवर राजधानी जळाली होती. पण बंडवाल्यांना आता पाठीमागूनही मार बसत होता, आणि त्याच वर्षी ते मोडले. गादी राहिली. राज्य उरलं पूर्वीच्या पाव हिश्श्याएवढं.

आता फक्त वर्षं काढायची होती. ना लढाई, ना विष. कर, पूल, धान्याची कोठारं, मुलांची लग्नं. सुनेला उठायची सोय नव्हती, कारण राणी मरेना. साठी ओलांडली, सत्तरी ओलांडली.

"ही सासूवर गेलीय," सून म्हणाली.

"मला ऐकू येतं!" आतून आवाज आला.

पण कंटाळून तिने घाई केली नाही, एकही तक्रार न वाचता पुढे ढकलली नाही. मी मुद्दाम लक्ष ठेवून होतो.

शेवटच्या रविवारी तिने पाणी मागितलं. साडू पाणी आणायला आत गेला. पडद्यावर शेवटच्या वर्षाचा शेवटचा महिना लागला. ताई हातातलं शिवण टाकून उभी राहिली. आणि सुनेने खेळ थांबवला.

"अगं, चालू दे ना!" ताई म्हणाली.

"थांबा. बाबांना येऊ द्या."

साडू तांब्या-भांडं घेऊन आला. थांबलेली तारीख त्याने वाचली. भांडं तिच्या हातात दिलं, ती पिईपर्यंत थांबला, मग चष्मा सदऱ्याला पुसून डोळ्यांवर चढवला.

"हं," तो म्हणाला. "चालू कर."