ट्रंकेतला पटका

मंडळी, मी म्हसवडहून वृद्धांच्या काळजीचा ऑनलाइन कोर्स करतेय. रेंज फक्त मेंढरांच्या कुंपणापाशी मिळते, म्हणून वर्गही तिथंच.

आज मॅडमनी विचारलं, "काळजीपोटी तुम्ही घरच्या म्हाताऱ्यांचं काय बंद केलंत?"

मी म्हणाले, "काहीच नाही."

मागं बाजेवर सासरे बसले होते. ते म्हणाले, "आवं बाई, माझा पटका बंद केलाय हिनं."

खरं होतं. त्यांचे हात थरथरतात म्हणून मीच पटका ट्रंकेत ठेवून टोपी दिली होती.

मी उठले, पटका आणला, एक टोक धरून उभी राहिले. त्यांना बांधायला दहा मिनिटं लागली. सगळा वर्ग थांबला.

मग ते फोनकडं बघून म्हणाले, "हां, आता इचारा काय इचारायचं ते."

तुमच्या ट्रंकेत कुणाचं काय पडलंय?