गणपतीच्या पाटाचे बांगडे

बसा, चहा घ्या. पण कप खाली ठेवून ऐका. गेल्या वर्षी मी जो पराक्रम केला, तो ऐकताना आमच्या शेजारच्या सुमतीनं गरम चहा स्वतःच्या मांडीवर ओतून घेतला होता. तुमच्या घरातल्या सुनेनं असं काही केलं असतं, तर तुम्ही तिला त्याच दिवशी माहेरच्या गाडीत बसवली असती. मला नाही बसवली. का नाही, ते सांगते.

मी शालन. तालुक्याच्या कचेरीत तीस वर्षं टायपिस्ट होते. रिटायर झाले आणि मसुऱ्याजवळच्या आमच्या घरी येऊन बसले. बसले म्हणजे खरंच बसले हो. सकाळचे दहा वाजले की बोटं आपोआप हलायची आणि समोर काय, तर निवडायचे तांदूळ. महिन्याभरात इतकी चिडचिडी झाले की आमचे हे दिवसातून तीनदा काजूच्या बागेत फेरी मारायला लागले. काजूंचा हंगाम कधीच संपला होता.

शेवटी पुण्याच्या मुलीनं वाढदिवसाला एक स्क्रोल सॉ पाठवली. स्क्रोल सॉ म्हणजे टेबलावर ठेवायची विजेची करवत. दिसायला शिलाई मशीनसारखी, फक्त सुईच्या जागी दोऱ्याएवढं बारीक पातं. ते खालीवर नाचतं, आपण लाकूड फिरवायचं, आणि हवी ती नक्षी कापून निघते. आमच्या ह्यांनी खोका उघडल्यावर माझे दोन्ही हात धरून बोटं मोजली.

"दहा आसत," ते म्हणाले. "सांजेक परत मोजतलंय. आणि घरातली एक जरी वस्तू कापलंस, तर ही मशीन दुसऱ्या दिवशी पुण्याक परत."

मी म्हटलं, कबूल. आता मी कशाला घरातली वस्तू कापायला जाते? मी काय वेडी आहे?

पहिल्या दिवशी मी पातं उलटं बसवलं. दात वर. बटण दाबलं तशी प्लायवुडची फळी थाडथाड उडायला लागली. मी मुलीला फोन करून झापलं, कसली खराब मशीन पाठवलीस म्हणून. तिनं शांतपणे विचारलं, "आई, दात खाली आहेत ना?" दुसऱ्या दिवशी मी नक्षीचा कागद थेट लाकडाला चिकटवला, तो आजतागायत निघालेला नाही. आधी चिकटपट्टी लावायची आणि तिच्यावर कागद, हे मागाहून कळलं. तिसरा धडा असा की लाकूड ढकलायचं नाही, पात्याला त्याच्या चालीनं कापू द्यायचं. हा काही मला जमला नाही. घाई माझ्या रक्तातच आहे.

पण काय सांगू, मी सुखात होते. पहिला हत्ती कापला, त्याचं लोकांनी डुक्कर म्हणून कौतुक केलं. मग मी बांगड्याला हात घातला आणि जमला की हो. निमुळतं तोंड, पोटाचा बाक, शेपटीची कात्री. खाली दोन हूक लावले की झाली किल्ल्या अडकवायची सोय. मागच्या बाजूला कोपऱ्यात तापल्या सुईनं 'शालन' अशी सही करायची. तीस वर्षं मी साहेबांच्या सहीची पत्रं टाइप केली होती. स्वतःच्या सहीचं असं काही पहिल्यांदाच हातून बाहेर पडत होतं.

आषाढात लाकूड संपलं. बाहेर पाऊस धो धो, सुताराकडे कोण जाणार? मी माळ्यावर चढले. तिथे गोणपाटात गुंडाळलेली एक फळी सापडली. दीड हात लांब, हातभर रुंद, फणसाची, जुनी, हाडासारखी सुकलेली. वर मातीचे डाग. मागे मातीच्या थराखाली लाल रंगाचे काहीतरी फराटे. मला वाटलं, कुणीतरी रंगाचा डबा ठेवून फळी वाया घालवलीये. मी खूश. असलं सुकं फणसाचं लाकूड पैसे मोजून मिळत नाही.

दोन दिवस लागले, सहा पाती मोडली. त्या फळीतून पाच बांगडे आणि मधोमध एक मोठं पापलेट निघालं. बांगड्यांचे लाल फराटे मी घासून काढले, एकावर थोडे राहिले. पापलेटावरचे मुद्दामच ठेवले. म्हटलं, जुनेपणाची शोभा. उरलेले तुकडे आंघोळीच्या पाण्याच्या चुलीत गेले. बांगडे वाटून टाकले. एक सुमतीला, एक डॉक्टरांना, एक आमच्या गणपतीच्या मूर्ती करणाऱ्या बाबी मेस्त्रींना, दोन असेच कुणाकुणाला. आणि पापलेट पाठवलं मुंबईला, माझ्या थोरल्या दिरांना. भावजी शिस्तीचा माणूस, माझं कौतुक त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. म्हटलं, बघा म्हणावं, तुमची धाकटी भावजय काय करते ती.

श्रावण लागला. एका सकाळी हे माळ्यावरून खाली उतरले आणि म्हणाले, "शालन, पाट खंय गेलो गो?"

"कसलो पाट?"

"गणपतीचो. मेस्त्रीकडे नेवन देवक होयो ना."

आता तुम्ही आमच्याकडचे नसाल तर सांगते. आमच्याकडे घरोघरचा गणपती म्हणजे दुकानातून उचलून आणायची गोष्ट नाही. घराचा स्वतःचा पाट असतो. तो आधी गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात त्या कारखान्यात, नेऊन द्यायचा. मेस्त्री त्याच पाटावर माती चढवतात, मूर्ती करतात, आणि चतुर्थीला पाटासकट गणपती घरी येतो. विसर्जनाला मूर्ती पाण्यात जाते, पाट परत घरी. वर्षानुवर्षं तोच.

तुम्ही म्हणाल, बाई, तीस वर्षांत तुला पाट ओळखू येऊ नये? नाही आला. कारण मी तो कधी उघडा बघितलाच नव्हता. न्यायचा पुरुषांनी, आणायचा पुरुषांनी, विसर्जनाला नदीवर जायचं पुरुषांनी. मी बघितला तो गणपतीच्या खाली, वरून वस्त्र घातलेला.

"दिसता कसो तो?" मी विचारलं.

"फणसाचो. बाबांनी सोताच्या हातान केल्लो. मागे लाल रंगान घराचा नाव लिवलला आसा, शाळेत दुसऱ्याच्या पाटात जाव नये म्हणान."

तो लाल फराटा माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला. सासऱ्यांचं अक्षर. मी पॉलिश पेपरनं घासलेलं.

खरं सांगायचं सोडून मी काय बोलले असेन? "मी दिलंय पोचवून मेस्त्रींकडे." तोंडातून निघून गेलं. समोर माझी मशीन दिसत होती ना, पुण्याच्या खोक्यात चाललेली.

ह्यांचा चेहरा उजळला. "बरा केलंस." आणि लगेच भावजींना फोन. पाट हा भावजींचा जीव. दर वर्षी आल्या आल्या आधी पाटाला हात लावून नमस्कार, मग घरातल्या माणसांची चौकशी. ह्यांनी फोन माझ्या हातात दिला.

"पाट पोचवलंस?" भावजी म्हणाले.

"होय, भावजी."

पलीकडे कपबशी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग, "अख्खो?"

"हो तर," मी म्हटलं. "अख्खो."

"बरा, बरा," ते म्हणाले आणि त्यांना खोकला आला. जरा जास्तच आला. मग म्हणाले, "त्याका दी फोन." पुढे हे फोन घेऊन खळ्यात, म्हणजे अंगणात, गेले आणि भावाशी बराच वेळ बोलत होते. मी तिकडे फिरकलेच नाही.

मग सुरू झाली माझी वणवण. डोक्यात योजना अशी, की सगळे मासे गोळा करायचे आणि गोंदानं परत जोडायचे. सुमतीकडे गेले. म्हटलं, "बांगडो दी गो जरा. पॉलिश कच्चा रवला."

"माका चलता कच्चा," ती म्हणाली. "तेका मी खिळो मारलंय."

"अगो, लाकडाक भुंगो लागलो असतलो." बोलून गेले मी. भुंगा म्हटल्यावर सुमतीनं बांगडा चिमट्यानं धरून माझ्या हातात दिला, आणि मी घरी पोचायच्या आत सगळ्या वाडीला कळवलं. दुपारी डॉक्टरांनी त्यांचा बांगडा प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून पाठवला. एकीनं आमच्या अंगणात फेकला. दुसरीनं रॉकेल ओतून ठेवला होता. माझ्या सहीचे चार बांगडे, गावभर भुंगेवाले म्हणून बदनाम.

आणि ते जोडायला बसले तर काय? पातं कापताना थोडं लाकूड खातं. मासे एकमेकांना भिडतच नाहीत. शिवाय पापलेट मुंबईला. शिवाय माशांच्या मधली सगळी जागा मी चुलीत घालून तिच्यावर आंघोळ केलेली. मी पडवीत बसून रडले. मशीन जाईल म्हणून रडले, आणि त्याहून जास्त सासऱ्यांच्या अक्षरासाठी रडले. मला नव्या नवरीला 'घाबरू नको गो' म्हणणारे ह्या घरातले तेच पहिले.

दोन दिवसांनी हे सुताराकडून एक फळी घेऊन आले. फणसाची, सुकी, दीड हात लांब, हातभर रुंद. "तुझ्या बांगड्यांका भुंगो लागलो म्हणतत ना," ते फळी माझ्यापुढे धरत म्हणाले. "घी. नवीन कर कायतरी." आणि गेले बागेत. मी मनात म्हटलं, देवानंच बुद्धी दिली ह्यांना. माप बघा कसं नेमकं.

मी नवा पाट करायला घेतला. पण साधा करेन तर मी कसली? प्रायश्चित्त म्हणून भरपूर नक्षी. चारी बाजूंनी वेलबुट्टीची जाळी, मधे कमळ. आरपार. मागे सवयीनं कोपऱ्यात सही. आणि एका दुपारी हे जेवून झोपल्यावर पाट पदराखाली घेऊन गेले शाळेत.

बाबी मेस्त्री ओल्या मातीचे हात पुसत उठले. त्यांनी पाट उजेडाकडे धरला आणि जाळीतून माझ्याकडे बघितलं.

"वयनी, ह्येच्यार गणपती बसवचो आसा की माती चाळूची आसा?"

मी पदरानं जाळीतला भुसा पुसायला लागले.

"ह्या भोकांतून सगळी माती खाली येतली. काठाची जाळी कापून टाका, मधल्या कमळाक लाकडाचो तुकडो भरा. देवाक सलग बसाक होया." मग हळूच म्हणाले, "आणि जुनो पाट?"

मी त्यांच्या दाराकडे बघितलं. तिथे खिळ्याला माझा पाचवा बांगडा, शाळेची किल्ली घेऊन लटकत होता. मेस्त्रींनी तो काढला, उलटा केला. मागे लाल रंगाचा एक कोपरा राहिला होता.

"तीस-पस्तीस वर्सां मी त्या पाटाक हात लावतंय," ते म्हणाले. "तुमी बांगडो हातात दिलास तेवाच माका कळला."

"मगे बोललास कित्याक नाय, मेस्त्रींनू?"

"काय बोलू? देवाचा लाकूड देवाच्या शाळेत इला. त्येका काय वायट झाला?"

मला परत रडू आलं. ते म्हणाले, जाळी काढून आणा, मागचं नाव मी माझ्या हातानं घालतो, तुम्ही काळजी करू नका. मी हात जोडले. कुणाला सांगू नका म्हटलं. ते म्हणाले, "माझ्या तोंडातून एक शब्द येवचो नाय." लक्षात ठेवा हे. मी काठाची जाळी कापली, कमळ भरलं, मागे नव्या कोपऱ्यात सवयीनं परत सही केली आणि पाट शाळेत देऊन आले.

चतुर्थीला गणपती आला. सुंदर आला. वर वस्त्र, खाली माझा पाट. भावजी आले, आल्या आल्या वस्त्राखाली हात घालून पाटाला नमस्कार केला आणि माझ्याकडे बघितलं. मी मोदकाचं भांडं उचलून आत पळाले. पण आरतीला उभी राहिले आणि नाही राहवलं. देवासमोर खोटं किती वेळ धरून ठेवणार? आरती संपली तशी मी सगळ्यांसमोर म्हटलं, "भावजी, हो पाट नवीन आसा. जुनो मी कापलंय. त्याचे मासे केलंय."

कुणी दचकलं नाही. भावजी उठले, बॅगेतून पापलेट काढलं आणि उलटं करून माझ्यासमोर धरलं. वरची माती पुसून काढलेली, आणि लाल रंगात, अगदी मधोमध, आमच्या घराचं नाव. सासऱ्यांच्या हातचं.

"पयल्याच दिवशी वळाखलंय," भावजी म्हणाले. "आधी राग इलो. खोटा कशाक बोलू? मगे हॉलात लावलंय. दर वर्सी ह्या अक्षर मातीखाली बसायचा, कोणाक दिसायचा नाय. मुंबैक माझ्याकडे बाबांच्या हातचा कायएक नव्हता. आता रोज चाय पिताना बघतंय."

मी ह्यांच्याकडे वळले. हे छताकडे बघत होते.

"तुमका ठावक होता?"

"फोनवर दादान सांगल्यान," ते म्हणाले. "म्हणान तर माप घेवन फळी हाडलंय. आपसूक इली काय ती?"

म्हणजे मेस्त्रींना माहीत, भावजींना माहीत, ह्यांना माहीत. महिनाभर मी एकटीच लपवत होते, आणि माझ्यापासून सगळे लपवत होते, की त्यांना माहीत आहे. मशीनचं मी विचारलंच नाही. ह्यांनी माझे हात धरून बोटं मोजली आणि म्हणाले, दहा आहेत, राहू दे मशीन.

गोष्ट इथे संपली असती तर माझी अब्रू थोडी तरी वाचली असती. पण भावजी म्हणाले, ह्या वर्षी शालन नदीवर येणार, पाट तिनं आणायचा. तीस वर्षांत पहिल्यांदा मी विसर्जनाला नदीवर गेले. अख्खी वाडी काठावर. गणपती पाण्यात गेला, माती सुटली, आणि ह्यांनी ओला पाट वर काढून माझ्या हातात दिला. उलटा.

मागे लाल रंगात, मेस्त्रींच्या ठसठशीत अक्षरात वर घराचं नाव. ते ठरलंच होतं. त्याच्या खाली आणखी एक ओळ होती. सुमती पुढे झाली आणि तिनं ती मोठ्यानं वाचली, साऱ्या काठाला ऐकू जाईल अशी:

"मी ह्या पाटाचे बांगडे करूचंय नाय."

आणि त्या ओळीच्या बरोब्बर खाली, कोपऱ्यात, तापल्या सुईनं कोरलेली माझी सही: शालन.