थांबाबाई

कारखान्यात तिला नावाने कोणी हाक मारत नसे. समोर मॅडम आणि पाठीमागे थांबाबाई. हे दुसरं नाव जुळणी खात्यातल्या मामांनी ठेवलं होतं, आणि त्यात खोडसाळपणा असला तरी खोटं काही नव्हतं. छोट्या मोटरीवर चालणारं कुठलंही मशीन तयार झालं आणि मोटर पुढे जाऊन मागे फिरायची वेळ आली, की ही बाई हात वर करून म्हणायची, "थांबा. अर्धा सेकंद थांबा."

पुढे फिरणाऱ्या मोटरीला एकदम उलटं फिरायला सांगितलं तर ती फिरते, नाही असं नाही. पण त्या क्षणी भलताच करंट ओढते, आतली गुंडाळी तापते आणि गिअरचे दात एकमेकांवर आपटतात. म्हणून पुढचा हुकूम बंद करायचा, अर्धा सेकंद जाऊ द्यायचा, मोटर थांबली की मग उलटा हुकूम. हुकूम देतो तो पीएलसी, म्हणजे पॅनेलमधला बुटांच्या खोक्याहून लहान असा एक डबा. त्याला जे लिहून द्याल ते तो इमानाने करतो, आणि जे लिहायचं राहिलं ते करत नाही. लिहून देण्याचं काम तिचं.

मोटर निवडण्याचंही तिचंच. बाकीचे लोक वजन विचारून मोटर मागवत. ही स्प्रिंगचा काटा घेऊन जायची, सरकत्या पाटाला हूक अडकवून स्वतः ओढायची, काट्यावरचा आकडा वहीत लिहून दुप्पट करायची आणि मग विचारायची, "मिनिटाला किती वेळा सुरू होणार?" दिवसभर एका वेगाने फिरणारी मोटर आणि मिनिटाला चोवीस वेळा सुरू-बंद होणारी मोटर दिसायला बहिणी-बहिणी, पण दुसरीचे हाल वेगळे. मामा म्हणत, "भाडेकरू ठेवायचा असल्यासारखी चौकशी करते. आधी कुठे होतास, तिथून का निघालास!"

सात महिन्यांपूर्वी तिचा नवरा गेला. सकाळी आंघोळीला गेला तो बाहेर आला नाही. दार उघडायला शेजारच्या सुताराला बोलवावं लागलं. त्याने कडी न मोडता बिजागऱ्या काढल्या, आणि नंतर त्या परत बसवूनही दिल्या.

दोन आठवड्यांनी ती कामावर आली. खात्यातल्या लोकांनी आवाज खाली घेतले. ती डबा बरोबर बारा पन्नासला उघडायची आणि एक वीसला धुवायची. डोळे कोरडे. लोक म्हणाले, धीराची आहे. धीरबीर काही नव्हता. दातांच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल जसा आपलाच असतो, पण चावला गेला तरी कळत नाही, तसं तिचं सगळं अंग झालं होतं. हे कोणाला सांगण्याइतकंही तिला काही वाटत नव्हतं.

त्याच आठवड्यात तिने औषधांच्या बाटल्यांचे ट्रे पुढे ढकलून रिकामा पाट मागे आणणाऱ्या मशीनचा प्रोग्राम लिहिला. एकाच गिऱ्हाइकाची चार मशीनं होती. मिनिटाला बारा ट्रे द्यायचे ठरलं होतं. पहिली तीन दहाच देत. मालकांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "बघते." बघितलं नाही. चौथं मात्र बरोबर बारा देऊ लागलं आणि मालकांनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं. ती "हो" म्हणाली.

चौथ्या मशीनची मोटर अठराव्या दिवशी जळली. नवी बसवली, ती तेराव्या दिवशी. गिअरबॉक्स उघडला तर आतून दातांचे तुकडे पडले.

मालकांनी मामांना काचेच्या खोलीत बोलावलं. ती तिथेच कागद घेऊन बसली होती.

"पाट ओढणारा पट्टा किती ताणला होता मामा?"

"हवा तेवढाच."

"मग मोटरीवर एवढा भार आला कुठून? मॅडमचा प्रोग्राम तोच, मोटर तीच. बाकीची तीन चालताहेत ना? यात वेगळं काय ते तुमची जुळणी."

"मी जुळणीला नव्हतोच. डोळ्याच्या ऑपरेशनला गेलो होतो."

"परत आल्यावर पट्टा तुम्हीच बघितला. रजिस्टरला सही आहे."

मामा काहीतरी जहाल बोलणार असले की त्याचं सगळ्यांना माहीत असलेलं एक चिन्ह होतं. त्यांचा उजवा कान लाल व्हायचा. तो झालाही. मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि तोंड मिटलं.

"मामा, तुमचं वय झालं," मालक म्हणाले. "दरवर्षी मुदत वाढवतो. या वेळी नको. महिनाअखेर घरी आराम करा."

मामा उठून गेले. त्यांनी दार आपटलं नाही, हे तिच्या लक्षात आलं. इतकंच.

तिसरं मशीन दाराची काच बदलायला परत आलेलं होतं. दुपारी, तुलना करावी म्हणून, तिने त्याचं पॅनेल उघडलं. तिने आखलेल्या वायरिंगमध्ये नसलेले हुकूम जरा उशिराने पुढे सोडणारे दोन छोटे टायमर खालच्या पट्टीवर बसवलेले होते, एक पुढच्या रिलेच्या, म्हणजे मोटर चालू करणाऱ्या स्विचच्या वाटेत, एक मागच्या. दोन्हींचा काटा अर्ध्या सेकंदावर. वायरींना पिवळी टेप, तीन वेढे आणि टोक आत दुमडलेलं. अशी टेप सगळ्या कारखान्यात एकच माणूस गुंडाळत असे.

तिने लॅपटॉप जोडून स्वतःचा प्रोग्राम उघडला. पुढचा हुकूम बंद आणि मागचा चालू, एकाच ओळीत, मध्ये काही नाही. ती ओळ तिने चार वेळा वाचली. पाच सेकंदांत एक फेरी म्हणून मिनिटाला बारा. मामांचे दोन अर्धे सेकंद मिळवले की सहा सेकंदांची फेरी, म्हणून दहा. हिशोब चोख जुळला. आता आपल्याला धक्का बसेल असं वाटून ती जरा वेळ तशीच बसली. बसला नाही. लॅपटॉप बंद करून ती चहाच्या मशीनपाशी गेली. मामा तिथेच कप धरून उभे होते.

"टायमर तुम्ही लावलेत?"

"नाही, भुताने लावले. त्याला अर्धा सेकंदच आवडतो."

"मामा."

"अगं, पहिलं मशीन चालू केलं आणि गिअरबॉक्स खाडकन वाजला. म्हटलं हा आवाज थांबाबाईच्या मशीनचा नाही. मला तुझा तो प्रोग्राम वाचता येत नाही, पण कान आहेत ना! म्हणून बाहेरून लावून टाकले."

"मला का नाही सांगितलं?"

"तुला?" मामांनी चहा फुंकला. "तू सगळ्याला हो म्हणत होतीस तेव्हा. जेवलीस का, हो. घरी जातेस का, हो. मी म्हटलं, चहात ग्रीस घालू का, तर हो म्हणालीस. आठवतंय?"

आठवत नव्हतं.

"म्हटलं येईल ताळ्यावर, तेव्हा सांगू. चौथ्याच्या वेळी नेमका मी डोळ्यावर पट्टी बांधून घरी. आल्यावर विसरलो. माझीही चूकच."

"मालकांना का नाही बोललात?"

"बोललो असतो तर तुझं टेबल गेलं असतं. घरात कमावती तू एकटी." मामांनी चहा संपवून कप चुरगळला. "माझं काय, बसेन घरी. तेहतीस वर्षं मी दिवसा घरात नसतो म्हणून आमचा संसार टिकलाय, आता बघू काय होतंय. पण पट्टा ताणला म्हणे! मी! बाकी काहीही म्हणा, चोर म्हणा. पट्टा ताणला?" त्यांचा कान पुन्हा लाल झाला.

संध्याकाळी घरी सासूबाई भाजी निवडत बसल्या होत्या. सात महिन्यांत त्या दोघींचं बोलणं भाजी, औषध आणि दूध एवढ्यावर आलं होतं. मुलासाठी सासूबाई रोज रडत आणि सून रडत नाही याचा त्यांना राग होता. तो त्या भांडी जरा मोठ्याने ठेवून दाखवत.

पर्स खाली ठेवून तिने विचारलं, "आई, माझं घरात काय काय चुकतं?"

सासूबाईंनी मान वर केली. "आज हे काय नवीन?"

"सांगा ना. गेल्या सात महिन्यांतलं."

"सगळं सांगू? वेळ आहे का तुला?" आणि सासूबाई सुरू झाल्या. भाजीत मीठ नसतं, ते त्या वरून घालतात. नाही तर दोनदा असतं, मग बटाटा घालतात. गॅसचं बटण बंद असतं पण खाली सिलिंडरचा नळ चालूच, तो रोज त्या बंद करतात. किल्ली चार वेळा बाहेरच्या कुलपालाच राहिली. एकदा तर तिने इस्त्री फडताळात ठेवली, गरम. शेजारणीने विचारलं कशी आहेस, तर ही म्हणाली, अर्धा लिटर.

"अर्धा लिटर?"

"दूधवाला समजलीस तिला. ती बिचारी अजून मला विचारते, बरी आहे ना सून."

तिने वहीचा कागद घेऊन सगळं एकाखाली एक लिहिलं. मशीन बिघडलं की ती असंच लिहायची. अकरा गोष्टी झाल्या.

"तुम्ही मला बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं?" सासूबाई पुन्हा भाजीकडे वळल्या. "तुला काही वाटतच नाही. दगडाला काय बोलायचं."

"नाही वाटत," ती म्हणाली. "खरंच नाही वाटत, आई."

सासूबाईंचा हात थांबला. मग न निवडलेल्या मेथीची अर्धी रास त्यांनी तिच्याकडे सरकवली, आणि दोघी निवडत बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मालकांना प्रोग्रामची ती ओळ दाखवली, मग तिसऱ्या मशीनचं पॅनेल. मालक माणूस वाईट नव्हता, फक्त त्यांचं डोकं कायम पुढच्या फोनवर असे.

"अजून कोणाला माहीत आहे?"

"मामांना."

"बरं. मामा राहतील, मुदत वाढवतो. तुम्ही प्रोग्राम सुधारा आणि जाऊन टाका. पण गिऱ्हाइकाच्या अहवालात कारण पट्ट्याचंच लिहायचं."

"पट्टा बरोबर होता."

"मॅडम, पट्टा म्हटलं की सैल करून मिटतं. प्रोग्राम म्हटलं की तो चारही मशीनं परत पाठवेल. तुम्ही लिहिलेली सगळी जुनी कामं तपासा म्हणेल." त्यांनी चष्मा काढला. "आणि तसं झालं तर मी तुम्हाला त्या टेबलावर ठेवू शकणार नाही. मलाही कोणाला तरी तोंड द्यायचं असतं."

"बारा ट्रे मिळणार नाहीत," ती म्हणाली. "या मोटरीवर दहाच. बारा हवे असतील तर जागच्या जागी थांबणारी ब्रेकची मोटर घ्यावी लागेल, एक माप मोठी."

"ते नंतर बघू. पट्टा. कळलं?"

ती "हो" म्हणाली नाही. मालकांचा फोन वाजला होता.

गिऱ्हाइकाकडे ती आणि मामा दोघं गेले. पांढऱ्या टोप्या घालायला लागल्या. मामांची कानावर अडकत होती. मामांनी नवी मोटर बसवली, तिने प्रोग्राम टाकला. मशीन चालू झालं. पाट पुढे गेला, थांबला, मागे आला. खाडकन आवाज नाही. मोटरीच्या अंगावर तळवा ठेवून ती अर्धा तास उभी राहिली. हात ठेवता येतो इतपत मोटर तापली तर चालते, चटका बसला तर माप चुकलं. चटका बसला नाही.

पाळीवरची बाई घड्याळ बघून म्हणाली, "हळू झालं की हो. आधी बारा यायचे."

"आधी चुकीचे येत होते," ती म्हणाली. "अहवालाचा कागद द्या."

बिघाडाचे कारण, असा रकाना होता, दोन ओळींचा. तिने लिहिलं: मोटरीची दिशा बदलताना प्रोग्राममध्ये विश्रांतीचा वेळ ठेवलेला नव्हता. पट्ट्याचा ताण योग्य होता. चूक प्रोग्राम लिहिणाऱ्याची. खाली तिने सही केली आणि कागद मामांकडे सरकवला. मामांनी खिशातून जाड चष्मा काढला, एक डोळा मिटून वाचलं, मग दुसरा मिटून.

"खुळी की काय तू? मालक काय म्हणाले होते?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कारखान्यात भिंती काचेच्या आहेत. फाड हे. दुसरा कागद माग."

"सही करा मामा. फिटर म्हणून तुमची लागते."

"टेबल जाईल तुझं."

"जाईल."

"मग?"

पाळीवरची बाई पेन पुढे धरून उभी होती, तिला पुढचे ट्रे लावायचे होते. मामांनी दुसरी ओळ पुन्हा एकदा वाचली, ओठ हलवत. मग सही केली, नेहमीपेक्षा मोठी, रकान्याबाहेर जाणारी.

सोमवारी तिला वायरिंगच्या बाकावर बसवलं. प्रोग्रामचं टेबल बाहेरून येणाऱ्या एका माणसाला दिलं आणि जुनी कामं तपासायला त्याला दोन महिने दिले. पगार तोच राहिला, पण बाकावर किती दिवस ते लिहून दिलं नाही. वाईट वाटेल म्हणून ती सकाळभर वाट बघत होती. वायरींची टोकं सोलायची, त्यांना टोपण दाबायचं, नंबर अडकवायचा. बारा पन्नासला तिने डबा उघडला. पहिला घास तोंडात घेतला, चावला, आणि भाजी खारट आहे हे तिला कळलं, सात महिन्यांत पहिल्यांदा. आज मीठ दोनदा पडलं होतं, आणि सासूबाईंनी बटाटा घातला नव्हता.

ती पाणी प्यायली आणि तिने डबा संपवला.